पॅनलला हात लावायचा नाही

मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, गावाच्या बाहेर माळावर माझ्या थोरल्या बहिणीची कोंबड्यांची शेड आहे. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनी देते. शेड, पाणी, वीज आणि राबणूक बहिणीची. पक्षी वाढले की कंपनीची गाडी येऊन घेऊन जाते आणि काही दिवसांनी नवी पिल्ले येतात. या व्यवहारात एक अट न लिहिता ठरलेली असते. पाळणाऱ्याच्या हलगर्जीपणाने पक्ष्यांचा लॉट गेला, असे एकदा कागदावर आले की त्याला पुन्हा पिल्ले मिळत नाहीत. पिल्लांविना शेड म्हणजे पत्र्याखालची रिकामी जागा.

मेव्हणे गेल्यानंतर बहीण शेड एकटीने चालवत होती. पंखे कधी लावायचे, पडदे किती खाली घ्यायचे हे ती पक्ष्यांकडे बघून ठरवी. त्यामुळे तिला शेड सोडता येत नसे. लग्नाकार्याला ती तोंड दाखवून परत फिरे. कंपनीच्या सुपरवायझरने तिला आपोआप चालणारे पॅनल सुचवले ते यासाठीच. पक्ष्यांचे वय पॅनलमध्ये घालायचे. त्या वयाला किती उष्णता हवी हे पॅनलला माहीत असते. त्याप्रमाणे ते पंखे चालू-बंद करते आणि मोबाइलवर खबर देते. सगळे ठीक असेल तर हिरवा गोल दिसतो, बिघाड असेल तर लाल.

पॅनल बसवले त्या दिवशी मी शहापूरहून गेलो होतो. बहिणीने पॅनलला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने तिचा मोबाइल मागून घेतला. पडद्यावर इंग्रजीतला लांबलचक मजकूर आला. त्याने अंगठ्याने तो तळापर्यंत सरकवला, खालच्या चौकोनात खूण केली आणि मोबाइल परत दिला.

बहिणीने विचारले, "याची खोड काय?"

तो हसला. "खोड कसली ताई? हा काय बैल आहे? डोळे झाकून चालवा."

बहिणीची मान हलली. तिच्या लेखी व्यवहार तिथे पुरा झाला.

हे समजायला आमचे घर माहीत पाहिजे. वडील बैलांचा व्यापार करत. म्हशाच्या यात्रेतल्या गुरांच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली असे. तिथे कोणी कोणाला कागद देत नाही. बैल मारका असेल, नांगराला बसत असेल, डाव्या अंगाला ओढत असेल, तर ते विकणाऱ्याने आधी सांगायचे. सांगितलेली खोड घेणाऱ्याच्या माथी. विचारूनही न सांगितलेली खोड विकणाऱ्याच्या माथी. अशी खोड पुढे निघाली तर जनावर परत येते, पण त्यालाही रीत आहे. ज्या दाव्याने नेले त्याच दाव्याने आणायचे, मधे औताला जुंपायचे नाही, शिंगे तासून साळायची नाहीत आणि चार माणसांसमोर खोड दाखवायची. बहीण या बाजारात वाढली. तंत्रज्ञ वाढला नव्हता. तिने विचारलेला प्रश्न त्याला विनोद वाटला. त्याने दिलेले उत्तर तिला हमी वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात शहापूरला माझ्या मुलीचा साखरपुडा होता. शेडमधले पक्षी वाढले होते, गाडी यायचीच बाकी होती. बहीण सकाळी निघाली. जेवणाची पंगत उठेपर्यंत थांबेन, असे तिने बऱ्याच वर्षांनी कबूल केले होते. पंगतीत ती मधूनमधून मोबाइल बघत होती.

माझ्या मुलीने तिला डिवचले, "आत्या, नवरदेवाचा फोटो बघता की कोंबड्यांचा?"

"कोंबड्यांचा. नवरदेव कुठं मरतोय?"

हिरवा गोल कायम होता. मधे एकदा शेडच्या बाजूची वीज गेली आणि आली, हे आम्हाला नंतर वीजमंडळाच्या माणसाकडून कळले.

तिला सोडायला मी गाडी घेऊन गेलो. ऊन उतरणीला लागले होते. शेडजवळ पंख्यांचा आवाज नव्हता. बहीण गाडी थांबायच्या आत दार उघडून उतरली. तिने आधी हाताचे बटण दाबून पंखे सुरू केले, मग पडदे ओढले, मग आत पाहिले. पक्षी जाळीच्या कडेला एकावर एक चढून मेलेले होते. जे जिवंत होते ते चोची उघड्या ठेवून धापत होते. पॅनल चालू होते. त्यावर पक्ष्यांचे वय 'दिवस १' असे दिसत होते. मी त्याचा फोटो काढला. मी वृत्तपत्रात बातमीदार; ही सवय लागते, त्यात शहाणपण नव्हते.

एक दिवसाच्या पिल्लाला ऊब लागते. वाढलेल्या कोंबडीला तीच ऊब जीव घेणारी असते. वीज जाऊन आल्यावर पॅनलने वय पहिल्या दिवसावर नेले होते आणि पिल्लांना ऊब मिळावी म्हणून पंखे बंद ठेवले होते. त्याच्या हिशेबाने शेडमध्ये सगळे ठीक होते. गोल हिरवा होता तो म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेसीबीने खड्डा खणला, चुना-मीठ टाकून सगळे पुरले. सुपरवायझर आला. तो गावोगाव फिरणारा, बोलायला मऊ माणूस. त्याने कागदावर लिहिले, घटनेच्या वेळी शेडमध्ये माणूस नव्हता, व्यवस्थापनात हलगर्जीपणा.

बहीण म्हणाली, "तुमीच सांगितलं ना, याला माणूस लागत नाय?"

"ताई, मी सांगितलं ते तोंडी. वर कागद जातो."

"मग आता?"

"आता पिल्लं थांबतील. पॅनलवाल्यांनी लिहून दिलं की चूक त्यांच्या सॉफ्टवेअरची, तर मला वर काहीतरी दाखवता येईल. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

त्या दिवसापासून बहिणीला एवढा एकच कागद हवा होता.

पॅनलवाल्या कंपनीचे उत्तर ईमेलने आले. घटनेबद्दल खेद आहे, मात्र ग्राहकाने मान्य केलेल्या अटींकडे लक्ष वेधतो, असे त्यात होते. अटी जोडल्या होत्या. मी ओटीवर बसून बहिणीला त्या मराठीत सांगितल्या. प्रणाली आहे त्या स्थितीत दिली आहे. ती अखंड किंवा निर्दोष चालेल, अशी कोणतीही हमी कंपनी देत नाही. प्रणालीच्या वापरातून झालेल्या कोणत्याही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हानीस, पशुपक्ष्यांच्या मृत्यूसह, कंपनी जबाबदार राहणार नाही. वापरकर्त्याने सदैव स्वतः देखरेख ठेवावी.

ती म्हणाली, "सदैव देखरेख ठेवायची तर त्यांनी विकलं काय?"

ही भाषा मला नवी नव्हती. आमच्या वृत्तपत्रात जाहिरातींच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ रोज जाई. जाहिरातींतील दाव्यांची खातरजमा वृत्तपत्राने केलेली नाही, वाचकांनी स्वतः चौकशी करावी. पान लावताना जागा कमी पडली तर जाहिरात कापली जाई, ती ओळ नाही. बाजारपेठेतल्या प्रत्येक पावतीवर विकलेला माल परत घेतला जाणार नाही असे छापलेले असते आणि तरी फुटकी बादली दुकानदार बदलून देतो. छापलेले आणि चालणारे यांत अंतर असते हे मला माहीत होते. ते अंतर या कंपनीच्या बाबतीत किती, हे माहीत नव्हते.

"परत वाच," बहीण म्हणाली.

मी परत वाचले.

"लाइट गेली की कोंबडी परत पिल्लू होते, असं लिवलंय कुठं?"

"नाय."

"मंग ही खोड सांगितलेली नाय. विचारली होती मी. तू होतास."

"ताय, त्यांनी खोड सांगितली नाय, पण सगळ्याच खोडी तुझ्या माथी, असं लिवलंय."

"असं म्हशात कोण बोललं असतं तर?"

"त्याच्याकडं कोण फिरकलं नसतं."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि उठून शेडला कुलूप लावून आली.

कंपनीने आठवडा उलटायच्या आत तोच तंत्रज्ञ पाठवला. पॅनलमध्ये नवी आवृत्ती घालून देतो म्हणाला. बहीण शेडच्या दारात उभी राहिली.

"पॅनलला हात लावायचा नाय."

"ताई, फुकट करून देतोय."

"फुकट हाय म्हणूनच. खोड दिसायच्या आधी जनावर बदलून नेतोस काय?"

"तुम्ही परत बैलावर गेलात."

"तू चहा घे. आत नाय जायचं."

त्याने चहा घेतला. त्याला वरून जे सांगितले होते ते करता आले नाही आणि तो गेला. तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने मला हळूच विचारले, खरेच दिवस एक दाखवत होता का. मी फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून बघितला आणि गाडीवर बसला.

शहापूरच्या न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो. कागद वाचता वाचता त्यांनी पहिले विचारले, "पॅनलला नेट आहे?"

"हाय."

"मग दाराला कुलूप लावून काय उपयोग? ते तिकडे बसून आत शिरतील. आधी सिम काढा, मग बोला."

बहिणीने तिथूनच, किल्ली ठेवली होती त्या शेजाऱ्याला फोन लावला आणि सिम काढून ठेवायला सांगितले. त्यानंतर वकीलबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. कंपनी म्हणेल, शेड हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही. त्यावर उत्तर आहे. स्वतः राबून पोटासाठी चालवलेल्या धंद्याला कायदा ग्राहक मानतो. मग कंपनी अटींवर बोट ठेवेल. एकतर्फी अटी ग्राहक आयोगाला तपासता येतात, पण त्याला वेळ लागेल आणि निकाल कोणत्या बाजूला जाईल हे मी आज सांगणार नाही.

"अंगठा माझा नव्हता, त्या पोराचा होता," बहीण म्हणाली.

"ते मांडू. पण मोबाइल तुमचा होता, हे तेही मांडतील. आधी खोट दाखवा. सगळ्यांसमोर. खोट दिसली नाही तर कायद्याची कलमे हवेत राहतात."

वकीलबाईंनी नोटीस पाठवली. पॅनल घटनेच्या दिवशी होते तसे ठेवले आहे, येऊन तपासा, असे त्यात होते. कंपनीला टाळणे अवघड गेले असावे, कारण एक अधिकारी आला. बहिणीने सुपरवायझरला बोलावले होते. गावातली दोन वयस्क माणसे वडिलांच्या ओळखीची म्हणून आली आणि खुर्च्या दिल्या तरी उभीच राहिली.

दुपारी शेडमध्ये सगळे पॅनलसमोर उभे होतो. आत पक्षी नव्हते. वकीलबाईंनी अधिकाऱ्यालाच पॅनलमध्ये वय घालायला लावले. त्याने पस्तिसावा दिवस घातला. पंखे सुरू झाले. बहिणीने मेन स्विच खाली केला, थोडी थांबली आणि वर केला. पॅनलवर अक्षरे उमटली. दिवस १. पंखे थांबले.

अधिकारी म्हणाला, "व्होल्टेजचा प्रश्न असू शकतो. ग्रामीण भागात सप्लाय स्थिर नसतो."

"परत," बहीण म्हणाली.

पुन्हा पस्तीस, पुन्हा स्विच, पुन्हा एक.

"परत."

"मॅडम, असं किती वेळा करायचं?"

"तुमचं समाधान होईपर्यंत. माझं झालंय."

उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "साहेब, तुमचं यंत्र बरं हाय. लाइट गेली की आमचं वय पण मागं नेईल का?" कोणी मोठ्याने हसले नाही. अधिकाऱ्याने रुमाल काढून मान पुसली. शेडमध्ये खरेच उकडत होते.

सुपरवायझर बाहेर गेला आणि झाडाखालून फोन लावू लागला. त्याच्या हाताखालच्या बऱ्याच शेडमध्ये हेच पॅनल होते. डोळखांबकडच्या एका पाळणाऱ्याचा आवाज आम्हाला फोनमधून ऐकू आला, कारण तो ओरडून बोलत होता.

"होतं ना साहेब. मधेच दिवस एक दाखवतंय. मी परत टाकतो."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"आमच्याकडनंच कायतरी दाबलं गेलं असंल. म्हटलं कशाला सांगा, तुमी ओरडाल."

आणखी फोन झाले आणि थोड्याफार फरकाने तेच ऐकू आले. लाइट गेली, वय चुकले, शेडमध्ये माणूस होता म्हणून निभावले. प्रत्येकाने दोष स्वतःच्या बोटाला दिला होता. नवे यंत्र चुकू शकते, हे त्यांच्या मनात आले नव्हते. आपण चुकतो, याची मात्र त्यांना खात्री होती. कंपनीच्या छापील अटींनी जे साधायचे होते, ते या लोकांनी अटी न वाचताच कंपनीला देऊन टाकले होते. सुपरवायझर आत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. त्याने अधिकाऱ्याला विचारले, "हे तुमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं?" अधिकाऱ्याने सांगितले, मी तांत्रिक विभागाशी बोलून कळवतो.

कळवले ते मसुद्याच्या रूपात. कंपनी पत्र द्यायला तयार होती. वीजदाबातील चढउतारामुळे या एका संचात बिघाड झाला, शेडमालकाची चूक नव्हती, असे त्यात होते. नवे पॅनल मिळणार होते. बदल्यात बहिणीने नोटीस मागे घ्यायची आणि या विषयावर कोठेही बोलायचे नाही.

मसुदा मी वाचून दाखवला. सुपरवायझरने मागितला होता तो कागद हाच होता, जवळजवळ.

"सॉफ्टवेअर शब्द हाय का त्यात?"

"नाय. एका संचात बिघाड."

"एकाच?"

"तसं लिवलंय."

"डोळखांबवाला काय कोंबड्यांची स्वप्नं बघतो का?"

मी तिला घ्यायला सांगितले. माझे म्हणणे सरळ होते. पिल्ले मिळणे हा मुद्दा आहे, तो सुटतोय. दुसऱ्यांच्या शेडचे दुसरे बघतील. पाऊस तोंडावर आहे, एकदा हंगाम गेला की पिल्लांची कंपनी नवा माणूस बघेल.

"पिल्लं मिळतील," ती म्हणाली, "आणि वर पॅनल पण मिळंल. तेच."

"नवीन घालून देतील."

"काय घालतील ते तुला दिसतंय का? मला नाय दिसत. चूक झाली ती चूक म्हणून लिवा, मंग मी सही करते. वीजमंडळाच्या डोक्यावर घालून माझी सही नाय मिळायची."

वकीलबाईंना मी तसे कळवले. त्या फोनवर म्हणाल्या, "पिल्लं बंद राहतील, हे त्यांना नीट सांगितलंत ना?" सांगितले होते. तक्रार दाखल झाली.

पावसाळाभर शेड रिकामी राहिली. बहीण लोकांच्या शेतावर भातलावणीला गेली, मग तण काढायला, बेणणीला. रस्त्याने जाणारे तिला विचारत, काय गो, कोंबड्या कुठं गेल्या? ती सांगे, कोर्टात. मी मधूनमधून जाई. शेडमधले पॅनल प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून ठेवले होते आणि ती रोज सकाळी कापड सुटले नाही ना, एवढे बघून येई.

त्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या. कंपनीने सगळ्या पॅनलमध्ये नवी आवृत्ती पाठवली. सोबतच्या सूचनेत लिहिले होते, कामगिरीत सुधारणा केल्या आहेत. कशात, ते नव्हते. डोळखांबवाल्याने मेन स्विच खालीवर करून पाहिला आणि सुपरवायझरला कळवले की आता दिवस टिकतो. दुसरी गोष्ट सुपरवायझरने केली. त्याने आपल्या आधीच्या अहवालाला पुरवणी जोडली. शेडमध्ये माझ्यासमोर वीज बंद-चालू केली असता प्रत्येक वेळी वय बदलले, इतर शेडमध्येही असे घडल्याचे पाळणाऱ्यांनी सांगितले, असे त्याने लिहिले. मत एकही नाही, पाहिले-ऐकले तेवढेच. अशा मजकुरात संपादित करायला काही उरत नाही.

वर त्याचा विचार व्हायला वेळ लागला. भातकापणी आटोपल्यावर पिल्लांच्या कंपनीने बहिणीला एक लॉट मंजूर केला, चाचणी म्हणून. पहिले काही दिवस शेडमध्ये सतत माणूस हवा आणि पंखे हातानेच चालवायचे, अशी अट होती. ही अट तिने स्वतः वाचून घेतली आणि मग सही केली.

पिल्लांची गाडी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आयोगापुढे तारीख होती. बहिणीने शेडमध्ये तूस पसरले होते, शेगड्या पेटवल्या होत्या, पिल्लांभोवती पत्र्याचे कडे लावले होते. पॅनल कापडातच होते, भिंतीवर. तारखेला तू जा, ती मला म्हणाली, मी इथनं हलणार नाय. मी तिचे अधिकारपत्र घेऊन गेलो.

आयोगाच्या बाहेरच्या बाकावर कंपनीच्या वकिलाने आमच्या वकीलबाईंना बाजूला घेतले. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "तडजोड पुन्हा विचारतायत. आता पिल्लं मिळालीच आहेत, तर तुमच्या अशिलाला आणखी काय हवंय, असं म्हणतायत. विचारा त्यांना."

मी फोन लावला. मागे पिल्लांचा किलबिलाट इतका होता की मला दोनदा सांगावे लागले.

"काय लिवून देतायत?" तिने विचारले.

मी वकीलबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. "तोच मसुदा आहे. वीजदाब."

"तोच हाय, ताय."

"मंग पुढची तारीख घे," ती म्हणाली. "आणि लवकर ठेव फोन. शेगडी बघायचीय."

आत पुकारा झाला. कंपनीच्या वकिलाने अटींचे पान आयोगासमोर ठेवले आणि ग्राहकाने त्या मान्य केल्या आहेत, असे सांगितले. वकीलबाई उठल्या आणि पॅनल आजही भिंतीवर आहे, तपासणीसाठी मागवावे, असा अर्ज दिला. अर्जावर म्हणणे मांडायला कंपनीने मुदत मागितली. ती मिळाली. आम्ही पुढची तारीख घेतली.